घरापासून पाच किलोमीटर: उन्हाळी फुलांची वही, मे अखेर

मार्चमधे ठरवलं होतं की यंदा नागझिरा अभयारण्याचं बुकिंग नाही, गाडी नाही, सायकल जिथवर नेईल तेवढंच पाहायचं. आमचं गाव साकोलीकडलं, म्हणजे धानाची वावरं, एक मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळचा), दोन बोड्या म्हणजे लहान तळी, आणि मागं झुडपी जंगलाचा पट्टा, बस. पाचला निघायचं आन साडेआठच्या आत घरी. आजवर ३४ फुलं वहीत चढली, मागच्या उन्हाळ्यात २१ होती. पळस, पांगारा, काटेसावर यांच्यावर सगळेच लिहितात, ते सोडून देतो.

आधी वाईट खबर. टेकडीवरची धायटी गेली. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग सरकत सरकत वर गेली आणि लाल फुलांनी लदलेली झुडपं काळी काड्या होऊन उभी आहेत. वेचणाऱ्यांवर राग नाही, दोन पैसे त्यातूनच येतात त्यांना. पण काही घरचे आता खाली जाळी नाहीतर जुन्या साड्या पसरवतात, फुलं स्वच्छ येतात अन् आगही नाही, ते सगळ्यांनी केलं तर किती बरं होईल.

आता माझी चूक. मागच्या वर्षी वहीत कुड्याच्या झाडाचे सात फोटो एकाच नावाखाली ठेवले होते, त्यात दोन वेगळ्या जाती निघाल्या, काळा कुडा अन् पांढरा कुडा. दोन्ही पांढरी, दोन्ही पाच पाकळ्यांची, दोन्हीचं पान तोडलं की चीक येतो, म्हणून फसलो. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर असते, कापडाचा काठ उसवल्यासारखी, पांढऱ्या कुड्याचं फूल मधोमध एकदम साधं. आणि काळ्याच्या हिरव्या शेंगांची जोडी टोकाला चिकटलेली दिसते, पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात. झालर एकदा नजरेत बसली की मंग सायकलवरूनच ओळखू येते.

यंदाची सगळ्यात भारी नोंद तलावाच्या पाळीवर झाली. जुन्या मोहाच्या फांदीवर पट्ट्यासारख्या जाड पानांचा झुपका पाहून राह्यलो होतो तर ढोरं घेऊन चाललेले एक बाबाजी थांबले, म्हणे, "का पाहून राह्यला बाबू, थे बांडगूळ होय." म्हटलं नाही बाबाजी, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं बसलंय, आपलं पाणी हवेतून अन् पावसातून घेतं. वांडा ऑर्किड! पाकळ्या पिवळट, त्यावर तपकिरी चौकडी, लुंगीच्या कापडासारखी, मागची बाजू पांढरी आणि खालची जीभ निळसर जांभळी. खोडाला चिकटलेली एक मूळ हाताच्या उंचीवर होती, चांदीसारखी करडी. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर दोन मिनिटात हिरवी पडली. बाबाजींनीही अजून एकदा शिंपडून पाह्यलं. गेली दहा वर्षं मी त्याच पाळीवरून जातो आणि वर कधी पाह्यलंच नव्हतं, आता काय बोलणार.

तलाव आटलाय पण आटलेल्या काठावर जलपिप्पली पसरलीय, टाचणीच्या डोक्याएवढी पांढुरकी फुलं, पोटावर झोपल्याशिवाय फोटो येत नाही. झोपलो, शर्ट गेला.

बहावा शाळेमागचा. २४ एप्रिलला पहिला घोस उघडला. एका फुलात दहा पुंकेसर, त्यातले तीन लांब आणि वर वळलेले, बाकीचे आखूड. मोठा काळा भुंगा येऊन फुलाला लटकतो आणि एकदम आवाज बदलतो, उडतानाचा वेगळा अन् हा वेगळा, जोरात थरथरून पराग झाडून घेतो तो. मी अर्धा तास ऐकत बसलो, आणि तिथंच घात झाला. नवतपाची, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतली, पहिलीच सकाळ, साडेनऊ वाजून गेले, फोन तापून कॅमेरा बंद, डोक्याला दुपट्टा नाही. घरी आल्यावर मायनं आधी कैरीचं पन्हं दिलं, मंग शिव्या दिल्या. दोन दिवस पडून होतो. म्हणून सांगतो, खिशात कांदा ठेवून काही होत नसते, वेळेत घरी या.

आमच्याकडं म्हणतात बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस. २४ एप्रिलपासून मोजले तर ८ जून येते, मृगाच्या दुसऱ्याच दिवशी. माझा तरी एवढा भरोसा नाही, कारण बसस्टँडजवळचा बहावा बारा दिवस उशिरा फुलला, आता कोणत्या झाडाचं खरं धरायचं? तरी दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवल्या. पावश्या मात्र चार दिवसांपासून पहाटे "पेरते व्हा, पेरते व्हा" करून राह्यला.

आता नवरंग पक्ष्याची वाट पाहतो, नाल्याकाठच्या बांबूत गेल्या साली जूनच्या सुरवातीला त्याची दोन सुरांची शिटी ऐकली होती, दिसला नव्हता. तुमच्याकडं ऐकू आला तर तारीख कळवा राजेहो.