दोन राखाडी आणि एका छोट्या डब्यासाठी मारलेल्या चकरा

पुट्टी, प्रायमर, पेंटरची मजुरी सगळं सुरळीत झालं. अडलं फक्त रंगावर. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या खोलीसाठी दोन राखाडी निवडले होते. एकात हिरवट झाक, दुसऱ्यात मातकट. शेजारी धरले तर फरक दिसायचा, वेगळे पाहिले की कोणता कोणता ते कळायचं नाही.

म्हणून दुकानात दोन्हींचा छोटा सॅम्पल डबा मागितला. "भाऊ, मशीनवर लिटरच्या खाली बनतच नाही." कंपनीच्या पत्रकात सॅम्पल दिलाय म्हटलं, तर "उद्या या." उद्या मशीनवाला सुट्टीवर. नंतर कलरंट, म्हणजे मशीनमधून मिसळायचं रंगद्रव्य, संपलेलं. दर वेळी तेच शेडकार्ड पुढे सरकवायचे आणि वर, "दोन्ही सेमच आहेत, कोणताही घेऊन टाका." अहो, पुढची कित्येक वर्षं त्या भिंतीकडे मी बघणार! मशीनवर बनवलेला रंग परत घेत नाही म्हणता, मग आधी बघू तरी द्या. मला अजून राग येतो. शेवटी इतवारीतल्या एका दुकानदाराने दोन्ही डबे बिनतक्रार बनवून दिले. वर बोटाने झाकणावर ठिपका लावला, ड्रायरने वाळवला आणि कार्डाशी जुळवून दाखवला. असा दुकानदार मिळाला तर सोडू नका.

रंग थेट भिंतीवर लावू नका, जुन्या रंगाशेजारी डोळा फसतो. पांढऱ्या हार्डबोर्डवर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग भिंतीला टेकवून सकाळ, दुपार, रात्र बघा. आमच्याकडे खाली कोटा फरशी. तिच्याजवळ हिरवट राखाडी आणखी हिरवा झाला आणि 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पार दवाखान्याची भिंत वाटली. मातकट मात्र चारच्या तिरप्या उन्हातही टिकला. तोच घेतला, आणि आज खोलीत पाऊल टाकलं की मन भरून येतं.

आणखी एक, खिडकीत कूलर बसवून पण बघा. आपल्याकडे उन्हाळाभर खिडकी त्यानेच झाकलेली असते आणि खोलीतला उजेड निम्म्यावर येतो.

काही शेडकार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो ते सांगणारा; 0 म्हणजे काळा आणि 100 म्हणजे पांढरा. माझ्या दोन्ही रंगांचा जवळपास सारखाच निघाला, म्हणजे निवड फक्त झाकेवर करायची होती. सगळे डबे एकदमच घ्या आणि झाकणावरच्या शेड नंबर, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग) लिहिलेल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पुढे टचअपला लागतो.