स्प्लिट कीबोर्डवर मराठी : सोफलच्या बांधणीची नोंदवही

सोफल हा दोन अर्ध्यांत विभागलेला (स्प्लिट), स्वतः जोडायचा कीबोर्ड. त्यावर मराठी टायपिंग कसं बसवलं त्याची ही नोंद.

सद्यस्थिती : दोन्ही अर्धे जोडून झाले, फर्मवेअर (कीबोर्डच्या आतला प्रोग्राम) चालू आहे, मराठी टायपिंग रोजच्या वापरात आहे. कीकॅपवरची छपाई बाकी.

मांडणी : उजव्या करंगळीचा प्रश्न

स्प्लिट कीबोर्ड घेताना सगळ्यांची नजर आधी कॉर्ने या ४२ कळांच्या मॉडेलवर जाते. इंग्रजीसाठी तो पुरतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत मराठी लिहिणाऱ्याने मात्र उजव्या करंगळीचा हिशोब करून मगच पैसे मोजावेत.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. मांडणी शिकायला सोपी असण्याचं कारण हेच, पण त्यामुळे उजव्या टोकाला गर्दी होते. इंग्रजी पीच्या कळेवर ज-झ, डाव्या चौकटी कंसावर ड-ढ, उजव्या कंसावर नुक्ता आणि ञ, बॅकस्लॅशवर ॉ आणि ऑ, अर्धविरामावर च-छ, अवतरणचिन्हावर ट-ठ, स्लॅशवर य, बरोबरच्या चिन्हावर ृ आणि ऋ, वजाच्या कळेवर शिफ्टसह विसर्ग. एका बोटाकडे नऊ कळा. त्यातल्या च, ज, ट, ड, य यांच्याशिवाय एक वाक्य पुरं होत नाही. कॉर्नेच्या उजव्या टोकाला तीनच कळा आहेत आणि रूढ मांडणीत त्यातली वरची बॅकस्पेसला दिलेली असते. म्हणजे ‘डबा’ लिहायला लेयर (त्याच कळांवरचा दुसरा थर) बदलायचा. हे चालणार नाही.

म्हणून सोफल : प्रत्येक बाजूला सहा स्तंभ, चार ओळी आणि खाली पाच कळा, एकूण ५८. इथेही सगळं बसत नाही, पण काय वगळायचं ते ठरवता येतं. उजव्या टोकाच्या स्तंभात वरून खाली असं बसवलं : बरोबर (ृ), डावा कंस (ड), अवतरणचिन्ह (ट), बॅकस्लॅश (ॉ). बॅकस्पेस आणि शिफ्ट दोन्ही अंगठ्याकडे. उजवा कंस आणि वजा लेयरवर गेले, कारण ञ आणि नुक्ता मराठीत क्वचितच लागतात. विसर्गासाठी एक जास्तीची कळ दाबावी लागते. ‘स्वतः’ आणि ‘दुःख’ वगळता त्रास नाही. ॉ मात्र लेयरवर टाकू नका. ऑफिस, डॉक्टर, कॉलेज, कॉल : मुंबईच्या मराठीत दर दोन ओळींना ऑ येतोच.

फर्मवेअरला मराठी येत नाही

क्यूएमके, म्हणजे या कीबोर्डवर चालणारं फर्मवेअर, कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली याचा क्रमांक पाठवतं. त्या क्रमांकाचं ‘क’ होणार की इंग्रजी के, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. क्यूएमकेत युनिकोड पाठवायची सोय आहे, पण लिनक्सवर ती कंट्रोल-शिफ्ट-यू, मग अक्षराचा चार आकडी हेक्स क्रमांक (०-९ आणि ए-एफ), मग स्पेस अशी चालते. एका ‘क’साठी इतका खटाटोप. एखाददुसऱ्या चिन्हाला ठीक, परिच्छेदाला नाही. वर मराठी मांडणी चालू असताना हेक्समधल्या ए ते एफच्या जागी मराठी मात्रा-अक्षरं उमटतात आणि सगळंच फसतं.

तेव्हा सिस्टिममध्ये इनस्क्रिप्ट आणि कीबोर्डमध्ये फक्त कळांच्या जागा, अशी वाटणी ठेवली. यातून दुसरी अडचण उभी राहते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ३ ते ८ या आकड्यांवर ्र, र्, ज्ञ, त्र, क्ष, श्र आहेत. म्हणजे मराठी चालू असताना ‘१०%’ लिहायला गेलं की ‘१०ज्ञ’ उमटतं. मूळ मांडणीत शिफ्ट-स्लॅशवर य़ आहे; काही सिस्टिमांनी तिथे प्रश्नचिन्ह ठेवलंय, काहींनी नाही. आपापल्या मशिनवर तपासा.

उपाय : चिन्हांच्या लेयरवरची प्रत्येक कळ म्हणजे छोटा मॅक्रो. आधी इंग्रजी मांडणी निवडायची, चिन्ह पाठवायचं, परत मराठी निवडायची. इथे बहुतेक जण अडखळतात ते टॉगलमुळे. विंडोज-स्पेस किंवा ऑल्ट-शिफ्ट हे ‘आत्ता जे आहे त्याच्या उलट’ करतात. माउसने एकदा भाषा बदलली की फर्मवेअरचा अंदाज आणि सिस्टिमची स्थिती यांची फारकत होते, आणि मग मॅक्रो नेमका उलटा चालतो. टॉगल नको, थेट निवड हवी. विंडोजमध्ये भाषापट्टीच्या प्रगत कळ-सेटिंगमध्ये प्रत्येक मांडणीला कंट्रोल-शिफ्ट आणि एक आकडा असा वेगळा शॉर्टकट देता येतो. लिनक्सच्या एक्सकेबी या कीबोर्ड-व्यवस्थेत ‘कॅप्स लॉक म्हणजे पहिली मांडणी, शिफ्टसह कॅप्स लॉक म्हणजे दुसरी’ असा तयार पर्याय आहे. दोन्हीकडे मॅक्रोच्या पायऱ्यांमध्ये ३० मिलिसेकंदांचा थांबा ठेवलाय. शून्य ठेवल्यावर विंडोजवर मधूनमधून डॉलरऐवजी रफार येत होता, कारण मांडणी बदलायच्या आत पुढची कळ पोचते.

झेडची कळ रिकामी आहे

इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा म्हणून बनली. १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ती आहे. त्यामुळे देवनागरीतही दाक्षिणात्य ऱ्हस्व ए-ओसाठी जागा राखलेल्या आहेत. झेडवर ॆ आणि बॅकटिकवर ॊ. मराठीला या दोन्हींचा उपयोग शून्य.

उलट मराठीला रोज लागणारा ॲ मूळ मांडणीत नाही. शिफ्ट-१वर आहे तो ऍ, म्हणजे हिंदीच्या वळणाचा. ॲला स्वतंत्र युनिकोड क्रमांक २००८ साली, ५.१ आवृत्तीत मिळाला. तोवर लोक अवर ॅ चढवून काम भागवत होते, आणि अजूनही भागवतात. परिणाम : ‘ॲप’, ‘अॅप’ आणि ‘ऍप’ हे तीन शब्द कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. पहिले दोन पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत. डेटाबेसमध्ये मराठी नावं साठवणाऱ्यांनी हा बदल स्वतःच्या कोडमध्ये करावा, लायब्ररीच्या भरवशावर राहू नये.

म्हणून एक्सकेबीच्या फाइलची प्रत काढून झेडवर ॲ आणि शिफ्ट-झेडवर ॅ ठेवला. लिनक्सवर एका ओळीचं काम. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड लेआउट क्रिएटरने तीच मांडणी वेगळ्या नावाने बनवावी लागते. मूळ मांडणी पुसू नका, ऑफिसच्या मशिनवर बसल्यावर बोटं गोंधळतात.

‘ऱ्या’चीही अशीच गंमत. शिफ्ट-जेवरचा ऱ, मग हलन्त, मग य, ही सरळ वाट. साध्या रला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) जोडूनही तोच आकार दिसतो, पण आतले बाइट वेगळे. पहिलीच वाट धरा.

होम रो मॉड्स : काढून टाकले

कंट्रोल, ऑल्ट वगैरे मॉडिफायर कळा मधल्या ओळीवरच्या (होम रो) अक्षरांमागे दडवायची पद्धत सध्या फार चालते. कळ टॅप केली तर अक्षर, धरून ठेवली तर मॉडिफायर. चुकून मॉडिफायर लागू नये म्हणून क्यूएमकेत कॉर्डल होल्ड आलंय. त्याचा नियम असा : पुढची कळ त्याच हाताची असेल तर अक्षर समजा, दुसऱ्या हाताची असेल तरच मॉडिफायरचा विचार करा.

इंग्रजीत हा नियम उत्तम चालतो. इनस्क्रिप्टमध्ये तो उलटतो. व्यंजन उजवीकडे, मात्रा आणि हलन्त डावीकडे, म्हणजे जवळपास प्रत्येक जोडी आलटूनपालटून दोन हातांची. ‘किती’ लिहिताना क उजवा, ि डावा, त उजवा, ी डावा. एफवरची ि जरा जास्त वेळ दाबली गेली आणि त आला, की कंट्रोल-एल. ब्राउझरमध्ये कर्सर उडी मारून पत्त्याच्या पट्टीत. टॅपिंग टर्म (कळ टॅप केली की धरली, हे ठरवायची मुदत) २००वरून २८० मिलिसेकंद केल्यावर चुका घटल्या, पण मग मुद्दाम दिलेले शॉर्टकट लागेनात. शेवटी सगळे मॉडिफायर अंगठ्याकडे आणि खालच्या ओळीत नेले. वाद संपला.

शिफ्ट मात्र वन-शॉट ठेवलाय : एकदा टॅप, पुढच्या एकाच अक्षराला लागू. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टचा वापर प्रचंड आहे. सगळे महाप्राण, सगळे सुटे स्वर, शिवाय ण, ळ, श, ष. ‘आणि’ या शब्दात दोन शिफ्ट, ‘शाळा’ या शब्दात दोन. डाव्या करंगळीने शिफ्ट धरून त्याच हाताने आ काढत राहिलं तर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. वन-शॉटला १५०० मिलिसेकंदांची मुदत द्या. नाहीतर टॅप करून विचारात पडलात की पुढचा ‘क’ ‘ख’ होऊन येतो.

सोल्डरिंग

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यातलं जवळजवळ सगळं मिळतं : ०.६ मिमीची ६०/४० सोल्डर वायर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, रोझिन फ्लक्स, डीसोल्डरिंग विक (सोल्डर शोषून घेणारी वात). पीसीबी (सर्किट बोर्ड), हॉटस्वॉप सॉकेट (स्विच सोल्डर न करता बसवायचे) आणि प्रो मायक्रोच्या आकाराचा कंट्रोलर (फर्मवेअर चालवणारा छोटा बोर्ड) बहुधा ऑनलाइनच. फ्लक्स घेताना रोझिनचाच मागा. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स तांबं खातो, आणि पावसाळ्यात दमट हवेने ते आणखी लवकर होतं.

कंट्रोलर आरपी२०४० या चिपचा घ्या. जुन्या एटीमेगा ३२यू४मध्ये बूटलोडर वजा जाता २८ केबी उरतात. ओएलईडी पडदा, एन्कोडर (फिरवायचं बटण) आणि व्हायल (कॉम्प्युटरवरून कळा बदलायची सोय) एकत्र म्हटलं की जागा संपते. त्या बोर्डांचा मायक्रो-यूएसबी सॉकेट उपटून निघणं हा तर नेहमीचा रोग.

क्रम असा. पीसीबी दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून सगळ्यात आधी मास्किंग टेप लावून ‘डावा वर’ आणि ‘उजवा वर’ लिहा. हे टाळणाऱ्यांचे दोन डावे हात तयार होतात. मग डायोड : १एन४१४८, लागतात ६० (५८ कळा, दोन एन्कोडरची बटणं), घ्या ७५. डायोडवरची पट्टी पीसीबीवरच्या बाणाच्या टोकाकडच्या रेषेला. सगळे लावले की कंट्रोलर बसवायच्या आत मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून प्रत्येक तपासा. एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट, उलट दिशेने काही नाही. नंतर सॉकेट, टीआरआरएस जॅक (दोन अर्धे जोडणाऱ्या केबलचा), शेवटी कंट्रोलर.

जोडकेबलकडे नीट बघा. फुटपाथवर मिळणाऱ्या ३.५ मिमीच्या ऑक्स केबलवर बहुतेक वेळा दोन काळ्या रेघा असतात. आपल्याला तीन रेघांची हवी. आणि यूएसबी लावलेली असताना ही केबल कधीही काढू-घालू नका : टोक जॅकमध्ये सरकताना वीज आणि ग्राउंड क्षणभर एकमेकांना टेकतात, कंट्रोलर जातो.

पहिल्या चाचणीत काय मेलं त्यावरून दोष ओळखता येतो. एकच कळ मेली तर ९० टक्के वेळा स्विचची पिन सॉकेटमध्ये न जाता खाली दुमडलेली असते. स्विच उपसा, पिन सरळ करा. अख्खा स्तंभ मेला तर कंट्रोलरच्या त्या पायाचं सोल्डर थंड (नीट न धरलेलं) आहे. उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटी टाइप करत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, यूएसबी चुकीच्या अर्ध्याला लावली आहे.

पावसाळा

खिडकीजवळ खारी हवा खाल्लेले स्विच जून-जुलैत डबल टाइप करायला लागतात. इंग्रजीत हे चटकन दिसत नाही. मराठीत लगेच दिसतं : मात्रा दोनदा आली की दुसरीखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ठिपक्यांची वर्तुळं वारंवार दिसायला लागली की आधी फॉन्टला दोष देऊ नका. क्यूएमकेचा डीबाउन्स (एक दाब दोनदा मोजला जाऊ नये म्हणूनचा थांबा) मुळात ५ मिलिसेकंद असतो, तो ८ करून पाहा. तरी राहिलं तर स्विच काढून पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, एबीएस प्लॅस्टिकचे कीकॅप विरघळतात. सुटे स्विच सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून हवाबंद डब्यात.

चाचणीचा मजकूर

मराठीची सगळी अवघड वळणं एका ओळीत हवी असतील तर मुंबईच्या हार्बर लाइनची स्टेशनं लिहा : मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड. अर्धचंद्र, ॉ, रफार, ‘ग्रीन’मधला खालचा र, ळ, सगळे येऊन जातात. सँडहर्स्टचा सँ दोन रीतींनी लिहिता येतो, चंद्रबिंदूने किंवा ॅ आणि अनुस्वार मिळून, दिसायला सारखेच. इथे शिफ्ट-एक्सवरचा चंद्रबिंदू कायम केलाय.

बाकी

कीकॅप : डाय-सब (उष्णतेने रंग मुरवायची) छपाई फिकट पीबीटी प्लॅस्टिकवरच उठते, त्यामुळे काळे कॅप बाद. फॉन्ट खुल्या परवान्याचा ‘मुक्त’, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा. छपाईवाल्याला टेक्स्ट न देता अक्षरं कर्व्हमध्ये बदलून द्यायची, कारण त्यांच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड उघडलं की ज्ञ, त्र, क्ष फुटतात आणि ि अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. सुट्या मात्रांखालचं ठिपक्यांचं वर्तुळ काढून टाकलंय. झेडच्या कॅपवर ॲ.

डावीकडचा एन्कोडर आवाज कमी-जास्त करण्यापलीकडे कामाचा नाही. पुढच्या खेपेला त्या जागी साधी कळ आणि तिच्यावर विसर्ग.