गुरुत्वाकर्षण भूमिती, मग विद्युतबल का नाही?

गुरुत्वाकर्षण ही अवकाश-काळाची वक्रता असेल तर विद्युतबलाला भूमिती का नाही, असं तुम्ही विचारलंत. आहे. फक्त ती वक्रता वेगळ्या जागी असते.

आधी जड गोळ्याने खोलगट झालेल्या रबरी चादरीचं नेहमीचं चित्र विसरा; त्यात काळच नाही. चेंडू 5 मीटर उंच जाऊन 2 सेकंदांत परततो. बंदुकीची गोळी 0.2 सेकंदांत जेमतेम 5 सेंटिमीटर चढून उतरते. दोन्ही वाटांचे बाक किती वेगळे! पण सेकंदांना प्रकाशवेगाने गुणून काळही किलोमीटरमध्ये मांडा: 6 लाख आणि 60 हजार. आता दोन्ही कमानींची त्रिज्या काढली तर एकच येते, सुमारे एक प्रकाशवर्ष. वस्तू कोणतीही असो, बाक तोच. म्हणूनच तो अवकाश-काळाच्या नावावर टाकता येतो.

विद्युतक्षेत्रात नेमकं हेच बिनसतं. इलेक्ट्रॉन एकीकडे जातो, प्रोटॉन उलट दिशेला, तोही सुमारे 1836 पट कमी त्वरणाने. दोघांना पुरेल अशी एकच वक्रता कुठून आणणार?

विद्युतबलालाही भूमिती देण्यासाठी गणिती हर्मान वाइलने 1918 मध्ये सुचवलं की वस्तू बंद वाटेने नेऊन परत आणली की तिची लांबीच बदलते. आइन्स्टाइनने हरकत घेतली: मग अणूंच्या वर्णरेषा (त्यांच्या प्रकाशातले ठरावीक रंग) त्यांच्या पूर्वेतिहासावर ठरतील, आणि तसं दिसत नाही. 1929 मध्ये वाइलने गणित तेच ठेवून लांबीच्या जागी इलेक्ट्रॉन-तरंगाची फेज घेतली, म्हणजे तरंग आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. कल्पना करा, अवकाशातल्या प्रत्येक बिंदूवर एक तबकडी आहे आणि फेज हा तिच्यावरचा काटा. शेजारच्या तबकडीशी काटा कसा जुळवायचा, हे विद्युतचुंबकीय विभव (ज्यापासून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं काढता येतात ती राशी) सांगतं. बंद वाटेने फिरून आल्यावर काटा वळलेला निघाला, तर आत वक्रता आहे. तीच चुंबकीय क्षेत्र! वाटेच्या आत 4.14 × 10⁻¹⁵ वेबर चुंबकीय प्रवाह असेल तर इलेक्ट्रॉनचा काटा पूर्ण एक फेरा घेतो. भार दुप्पट, तर वळणही दुप्पट; भार उलट, तर वळणही उलट. इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचा पेच इथे सुटतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. 1986 मध्ये अकिरा तोनोमुरांच्या गटाने चिमुकलं कडीच्या आकाराचं चुंबक अतिवाहकात (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या पदार्थात) पूर्ण गुंडाळलं, म्हणजे बाहेर क्षेत्र उरू नये. तरीही कडीच्या आतून आणि बाहेरून गेलेल्या इलेक्ट्रॉनांच्या व्यतिकरण-पट्ट्या (दोन तरंग मिसळून उमटणाऱ्या पट्ट्या) काही नमुन्यांत बरोबर अर्ध्या पट्टीने सरकल्या. म्हणजे क्षेत्राला न शिवताही काटा वळला.

यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये तबकडीवरच्या साध्या वळणाऐवजी अशी वळणं घेतली, ज्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाचं गणित याच वाटेने आलं. तिथे हे बल वाहणारे आठ प्रकारचे कण, ग्लुऑन, आहेत, आणि क्रमाच्या याच गुणामुळे ते एकमेकांवरही बल लावतात. विद्युतचुंबकीय बल वाहणारे फोटॉन तसं थेट करत नाहीत.