पिस्तुलात कोणतं काडतूस भरावं?

नेमबाजी शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच: स्वसंरक्षणासाठी कोणतं काडतूस घ्यावं? विचारणाऱ्याला बहुतेकदा कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, ऐकायचं असतं: 9 एमएम की .45 इंच? मी सुरुवात तिथून करत नाही. ते काडतूस तुमच्याच पिस्तुलात न अडकता चालतं का, हे आधी बघा. त्याच कंपनीची, त्याच प्रकारची निदान 200 काडतुसं झाडून पाहा. महाग पडतं, पण यात काटकसर नको. एखादं जरी अडकलं, तर माझ्या लेखी ते काडतूस बाद.

मग गोळीचा प्रकार. फुल मेटल जॅकेट, म्हणजे वरून धातूने मढवलेली गोळी, सरावाला ठीक. पण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. हॉलो पॉइंटच्या टोकाला खळगा असतो. शरीरात शिरली की ती फुलते आणि लवकर थांबते. जाड कपड्याने खळगा बुजला किंवा आखूड नळीमुळे वेग कमी पडला, तर ती फुलतेच असं नाही. काही ठिकाणी तिच्यावर बंदी आहे, तेव्हा कायदा आधी पाहा.

फुलणंच सगळं नव्हे, गोळी खोलवरही जायला हवी. 1986 साली अमेरिकेत मायामीत एफबीआय या तपास यंत्रणेच्या चकमकीत एक 9 एमएम गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने जेलॅटिनमध्ये (चाचणीसाठी मांसाच्या जागी वापरतात तो जेलीसारखा ठोकळा) 12 ते 18 इंच खोली हा निकष धरला. मधल्या काळात 10 एमएम आणि .40 वापरून ते शेवटी 9 एमएमवरच परतले. गोळ्या सुधारल्या होत्या, आणि कमी झटक्यात नेम चांगला राहतो. कॅलिबरबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

आणखी एक, कारण हे फारसं कुणी विचारत नाही. रोज पिस्तूल रिकामं करून तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, चढवू नका. दर वेळी टोक आपटून गोळी पुंगळीत आत सरकू शकते, आणि मग झाडताना दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. आखूड दिसलं, तर ते झाडू नका, बाजूला काढा.