तिरपी अक्षरं कोणाची?

लिहिता लिहिता पुस्तकाचं नाव आलं की माझं बोट कॉम्प्युटरवरच्या त्या कलत्या ‘आय’कडे, म्हणजे अक्षरं तिरपी करणाऱ्या ‘इटॅलिक’च्या बटणाकडे जातं. मराठीत निकाल बेताचाच लागतो. आपल्या बहुतेक फॉन्टांना स्वतःचं तिरपं वळण नसतं. मग यंत्र उभ्या अक्षरांनाच ढकलून कलतं करतं.

ज्यानं हे तिरपं अक्षर पहिल्यांदा कोरलं, त्यानं असली ढकलाढकली केली नव्हती. फ्रान्चेस्को ग्रिफो, बोलोन्याच्या सोनाराचा मुलगा. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओच्या छापखान्यासाठी अक्षरं कोरायचा. तेव्हाची शिकलेली माणसं भराभर लिहायची, ते लपेटदार वळणच त्यानं पोलादात उतरवलं. पोलादी कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कानशीनं घासून काढायचं, तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतून छपाईचे खिळे पाडायचे. रोमन ‘ई’च्या पोटातली इवलीशी पोकळी कोरताना त्याच्या डोळ्यांचं काय होत असेल!

१५०१ साली रोमन कवी व्हर्जिलच्या कविता या अक्षरांत छापल्या गेल्या, हातात सहज मावतील अशा आकारात. पुस्तक अथपासून इतिपर्यंत तिरपं, पण मोठी अक्षरं मात्र सरळ उभी, डुलक्या घेणाऱ्या वर्गात ताठ बसलेल्या मॉनिटरसारखी. मला ही विसंगती भारी आवडते.

आल्दुसनं त्याच पुस्तकात तीन ओळींत ग्रिफोच्या हातांची तारीफ केली. व्हेनिसच्या सिनेटकडून अक्षरांचा हक्क मात्र स्वतःकडे घेतला. कारागिराला शाबासकी, मालकाला सनद! (फ्रान्समधल्या लियाँच्या छापखानेवाल्यांनी सनदेला न जुमानता बिनदिक्कत नक्कल केली, ते वेगळं.) दोघांचं फाटलं. ग्रिफो फानोला सोन्चिनो या छापखानेवाल्याकडे गेला आणि १५०३च्या, पेत्रार्का या इटालियन कवीच्या आवृत्तीत सोन्चिनोनं जाहीर करून टाकलं, की श्रेय आल्दुसनं लाटलंय, अक्षरं ग्रिफोचीच.

पुढे १५१६मध्ये बोलोन्याला परतून ग्रिफो स्वतःच चिमुकली पुस्तकं छापू लागला. दोनेक वर्षांत जावयाला लोखंडी कांबेनं ठार मारल्याचा आरोप आला आणि माणूस कागदपत्रांतून नाहीसाच झाला.

त्याची उभी अक्षरंही टिकली. १४९६ साली एटना पर्वताच्या चढाईवरच्या एका छोट्या पुस्तकासाठी कोरलेली अक्षरं छपाईची अक्षरं बनवणाऱ्या मोनोटाईप कंपनीनं १९२९मध्ये पुन्हा घडवली. त्यांना नाव दिलं ‘बेम्बो’. बेम्बो म्हणजे तो पर्वत चढून आलेला लेखक.