तुम्ही विचारलंत म्हणून : जुनं यान, नवे खलाशी

"काय हो बाई, रात्रभर दशावतार बघता. तीच ती आख्यानं दरवर्षी वेगळ्या नटांकडून ऐकता आणि पहाटे खुशीत घरी येता. मग ते 'स्टार ट्रेक' कुणी नव्याने केलं की तुम्हा लोकांचं डोकं का फिरतं?"

स्टाफरूममध्ये हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीतही कुणी ना कुणी काढतंच. घरी तोच प्रश्न "तुका कित्याक एवढो राग येता गो?" असा येतो. प्रश्न रास्त आहे, आणि दशावताराचं नाव काढून विचारणाऱ्याने निम्मं उत्तर माझ्या हातात दिलेलं असतं. म्हणून एकदा नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली. कर्ता जीन रॉडनबेरी. तीन वर्षांत ७९ भाग झाले आणि मालिका बंद पडली. 'एंटरप्राइज' नावाचं अंतराळयान, त्याचा कॅप्टन कर्क, भावनांना लगाम घालणारा स्पॉक, तोंडाचा फटकळ पण मनाचा मऊ डॉक्टर मॅकॉय. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली. आम्ही वेंगुर्ल्याचे, पण काका परळला चाळीत राहायचे. त्यांच्याकडे गेले की त्या एका टीव्हीपुढे अख्खा मजला जमायचा. इंग्रजी फारसं कुणालाच कळत नव्हतं. स्पॉकची भुवई वर गेली की मात्र सगळ्यांना कळायचं.

ही मालिका चाहत्यांना आपल्या मालकीची वाटते, त्याला इतिहास आहे. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिम्बल या जोडप्याने पत्रांची मोहीम उभी केली. पत्रांचा असा मारा झाला की मार्च १९६८ मध्ये एनबीसीला भाग संपल्यावर पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं, मालिका चालू राहणार. पुढे १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्रं लिहून लिहून ते 'एंटरप्राइज' करून घेतलं. ज्या लोकांनी पोस्टाची तिकिटं चिकटवून गोष्ट जगवली, ते ती कुणाच्या हाती जाते याकडे डोळे लावून बसणारच.

आता दशावताराकडे येते.

कार्तिक संपत आला की आमच्याकडे जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा झाली, खाजं घेऊन झालं की देवळापुढच्या मांडात लोक गोधड्या घेऊन बसतात. पेटी, मृदंग, झांज. आधी आड दशावतार, त्यात गणपती, सरस्वती, शंकासुराची मालवणी टोलेबाजी, आणि मग मुख्य आख्यान. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तीच शेज. संवाद लिहिलेले नसतात. आख्यानाचा सांगाडा ठरतो आणि बाकी सगळं नट उभ्या उभ्या रचतात. शंकासुर रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलतो, मोबाइलवर बोलतो. अलीकडे ट्रिकसीनची नाटकं जोरात आहेत, धूर काय, उडणारे राक्षस काय. नाकं मुरडणारे आहेत, पण मांड भरलेला असतो. थोडक्यात, आमच्या प्रेक्षकाला बदलाचं वावडं नाही.

एका जत्रेत पांडवांच्या वनवासाचं आख्यान चाललं होतं. धर्मराजाचं काम एका तरुण नटाकडे होतं. आवाज खणखणीत, बाकड्यावर बसण्याचा रुबाबही चांगला. द्रौपदी आपलं गाऱ्हाणं मांडते, असा प्रसंग होता. मागच्या पोरांच्या शिट्ट्या मिळवायला हा धर्म तिलाच टोचून बोलायला लागला, की हे सगळं तुझ्याच तोंडामुळे झालं वगैरे. शिट्ट्या मिळाल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी आजी गुडघ्यांवर गोधडी ओढून बसली होती. तिने मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धर्म असो बोलूचो नाय."

द्रौपदीचं काम करणारा स्त्रीपार्टी नट जुना, मुरलेला. त्याने ते ऐकलं असणार. पदर सावरून तो एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, हे शब्द आपले नव्हेत. द्यूतसभेतला तो फासा अजून आपल्या जिभेवर लोळतो आहे." तरुण नट क्षणभर थबकला. मग बाकड्यावरून उतरला, खाली बसला आणि पणाला लावलेल्या प्रत्येक माणसाचं नाव घेत बोलू लागला. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, शेवटी तिचं. मृदंगवाल्याने हात आखडता घेतला. शिट्ट्या मारणारी पोरं गप्प झाली, आणि टाळी पडली ती साऱ्या मांडातून.

मला राग का येतो, त्याचं उत्तर त्या आजीपाशी आहे. नट बदला, वेश बदला, धूर सोडा, भाषा आजची आणा, ती काही बोलणार नाही. पण धर्म हे नाव घेऊन बाकड्यावर बसलात, तर पेचात सापडल्यावर तुम्ही धर्मासारखं वागलं पाहिजे. नाव तेच ठेवून स्वभाव बदललात की तिची फसवणूक होते.

याच कसोटीवर २००९ चा जे. जे. अब्राम्सचा चित्रपट मला आवडला. कर्कच्या जागी ख्रिस पाइन, स्पॉकच्या जागी झॅकरी क्विंटो. आंब्याच्या दिवसांत पणजीला जाऊन पाहिला. चाहत्यांची कुरकुर तेव्हाही होती. कॅमेऱ्यात घुसणाऱ्या प्रकाशाच्या तिरिपींनी डोळे दिपतात. यानाची इंजिनरूम म्हणून चक्क बिअरचा कारखाना दाखवलाय. कालचा कॅडेट आज थेट कॅप्टन होतो. सगळं खरं आहे. वर स्पॉकचा व्हल्कन ग्रहच नष्ट केलाय. सहाशे कोटींच्या वस्तीतून जेमतेम दहा हजार वाचतात. माझा डोंबिवलीचा मावसभाऊ त्या प्रसंगानंतर उठून बाहेर निघून गेला आणि आजतागायत त्याने उरलेला चित्रपट पाहिलेला नाही. मी मात्र बसून राहिले, कारण त्या संहारानंतर क्विंटोचा स्पॉक लिफ्टमध्ये स्वतःला ज्या तऱ्हेने आवरतो, तो स्पॉकच आहे. शिवाय गोष्ट अशी रचली होती की भविष्यातून मागे आलेल्या एका माणसामुळे काळाला नवा फाटा फुटतो. जुन्या मालिकेत घडलेलं सगळं आपल्या जागी शाबूत राहतं. त्यात वयोवृद्ध लिओनार्ड निमॉय, म्हणजे मूळचा स्पॉक, येऊन नव्या स्पॉकशी समोरासमोर बोलतो. आमच्याकडे जुना नट आपलं गाजलेलं काम पुढच्याला देतो तेव्हा मांडातली माणसं ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मी तो प्रसंग पाहिला.

मग २०१३ चा 'इन्टू डार्कनेस' आला. माझा राग आहे तो हा.

त्यात खान आहे. खान नूनियन सिंग हे खलनायकाचं पात्र जुन्या मालिकेच्या १९६७ च्या एका भागात पहिल्यांदा आलं. तिथे यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला पाहून म्हणते की हा उत्तर भारतातला दिसतो, बहुधा शीख. काम केलं होतं मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबानने. म्हणजे तेव्हाही भारतीय नट मिळाला नव्हताच. पण ज्या मालिकेच्या १९७९ च्या पहिल्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटाने डोकं भादरून इलियाचं काम केलं होतं, तिथे २०१३ साली खान सिंग म्हणून उभा राहिला बेनेडिक्ट कम्बरबॅच. नट उत्तम, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण अवघ्या विश्वाच्या भविष्यात आपल्या बाजूचं म्हणावं असं एक मोठं पात्र होतं, तेही गेलं. आणि हा खान नाहीच, असं चित्रपट येईपर्यंत सांगत राहिले. ती लपवाछपवी केली नसती तर बरं झालं असतं, असं पुढे खुद्द दिग्दर्शकाने मान्य केलं.

तरी हेही मी गिळलं असतं. गिळता आला नाही तो शेवट.

त्यासाठी १९८२ च्या 'रॅथ ऑफ खान'चा शेवट माहीत हवा. यान वाचवायला स्पॉक किरणोत्सर्ग भरलेल्या खोलीत शिरतो. काम होतं, पण तो भाजून निघालेला असतो. कर्क धावत येतो, मध्ये काच. उठायची ताकद नसलेला स्पॉक आधी अंगातला कोट खाली ओढून नीट करतो आणि मगच मित्राकडे वळतो. काचेला हात लावतो, बोटं त्याच्या नेहमीच्या नमस्कारासारखी फाकलेली. बोटांची ती ठेवण निमॉयने लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये ज्यू पुरोहितांचा आशीर्वाद बघून उचलली होती. पलीकडून कर्कचा हात. या दोघांची मैत्री लोकांनी सोळा वर्षं पाहिली होती. स्पॉक मरणार ही बातमी आधीच फुटली, तेव्हा चाहत्यांनी त्या वेळीही आकांत केला होता. लेखकांनी मग सुरुवातीलाच एका सरावाच्या प्रसंगात स्पॉकला खोटं खोटं मारून बातमीतली हवा काढली आणि खरं मरण शेवटी आणलं. बघून आल्यावर तेच चाहते निमूट झाले. स्पॉक स्पॉकसारखाच मेला होता, पूर्ण हिशेब करून, दुसऱ्यांसाठी.

२०१३ मध्ये हाच प्रसंग उलटा करून लावला. आता खोलीत कर्क, बाहेर स्पॉक. तीच काच, तेच हात. आणि १९८२ च्या चित्रपटात कर्कने फोडलेली "खाऽऽन" ही आरोळी आता स्पॉकच्या तोंडी. या दोन तरुणांची ओळख होऊन किती काळ झाला? एक चित्रपट आणि थोडं वर. थोड्याच वेळात खानच्या रक्ताने कर्क पुन्हा उठून बसतो. म्हणजे रडू जुन्या चित्रपटाच्या खात्यातून काढलं आणि मरणाची किंमत कुणीच मोजली नाही. चित्रपटाने जगभरात ४६ कोटी डॉलरांहून जास्त कमावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या मेळाव्यात चाहत्यांनी मालिकेच्या सगळ्या चित्रपटांची क्रमवारी लावली, तेव्हा हा ताजा चित्रपट तळाला गेला. मी तिथे असते तर माझंही मत तेच पडलं असतं.

एवढ्यावरून आम्हाला नवं काहीच नको असतं, असं कुणी म्हणू नये. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही १९७८ ची मालिका २००३ मध्ये रोनाल्ड मूरने नव्याने केली. त्यात स्टारबक हा रगेल वैमानिक चक्क बाई झाला. सुरुवातीला जुने चाहते खवळले. पण घरदार जळून गेलेली, मोजकी उरलेली माणसं जहाजांच्या तांड्यात आसरा शोधत फिरतात, हा मूळ गाभा त्याने जास्त जिवाभावाने धरला. मी दोन्ही पाहिल्यात. नवी श्रेष्ठ आहे.

रागाचा आणखी एक प्रकार आहे, त्याला मी आमच्यात धरत नाही. २०१७ च्या 'डिस्कव्हरी' या नव्या स्टार ट्रेक मालिकेत सोनेक्वा मार्टिन-ग्रीन ही कृष्णवर्णीय नायिका आली, तेव्हा काही जण "आता यात राजकारण घुसवलं" म्हणून ओरडले. त्यांनी जुनी मालिका डोळे मिटून पाहिली असावी. १९६६ साली, शीतयुद्ध चालू असताना, यानाच्या मुख्य कक्षात कृष्णवर्णीय उहुरा बसत होती, आशियाई वंशाचा सुलू बसत होता, पुढच्या वर्षी रशियन चेकॉव्ह आला. उहुराचं काम करणारी निशेल निकल्स मालिका सोडायला निघाली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला राहायला सांगितलं. हे मालिकेचं मूळच आहे. त्यावर चिडून एखाद्या नटीला शिव्या घालणाऱ्यांना मांडातून उठवलं पाहिजे.

माझा भाचा पुण्याला असतो. त्याने आधी २००९ चा चित्रपट पाहिला आणि त्या ओढीने जुने ७९ च्या ७९ भाग बघून काढले. नव्याचं हे देणं मोठं आहे आणि मी ते मानते. 'इन्टू डार्कनेस' त्याला आवडतो. "मावशी, मी १९८२ चा पाहिलाच नव्हता ना, मला कर्क खरंच गेला असं वाटलं," असं तो म्हणतो. त्याचं रडू खरं होतं, ते मी नाकारत नाही.

सध्या आमचा वाद 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या आणखी एका नव्या स्टार ट्रेक मालिकेतल्या गॉर्नवरून चाललाय. १९६७ च्या 'अरीना' भागात गॉर्न हा सरड्यासारखा शत्रू होता, म्हणजे रबरी सूट घातलेला माणूस. कर्क आणि तो एका ओसाड ग्रहावर एकमेकांसमोर सोडले जातात. कर्क गंधक, कोळसा आणि सोरा गोळा करून बांबूच्या नळकांड्यात बंदुकीची दारू ठासतो. दारूत काय काय लागतं, हे आठवीच्या वर्गाला मी याच भागावरून सांगते, कृती वगळून. गॉर्न पडतो, कर्क त्याच्या गळ्याला सुरा लावतो, आणि थांबतो. त्याच्या मनात येतं, याला वाटलं असेल की आपण याच्या मुलखात घुसलो, हा आपलं घर राखत होता. नव्या मालिकेच्या पहिल्या दोन सीझनमध्ये तोच गॉर्न माणसांच्या अंगात अंडी घालणारं भयंकर जनावर झालाय. भाचा म्हणतो, "मावशी, त्या रबरी सूटपेक्षा शंभर पटीने भारी आहे." दिसायला आहेच. पण अशा जनावरापुढे कर्कने सुरा खाली का ठेवावा, हे मी त्याला विचारलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. गणपतीत तो घरी येतोय, तेव्हा दोन्ही भाग पाठोपाठ लावायचे ठरलेत.