गोल्फ क्लबपाशी भेटू

“गोल्फ क्लबपाशी उतरा, तिथून चालत पाच मिनिटांवर हॉल आहे,” असा निरोप आला होता. राज्यातल्या वेगवेगळ्या क्लब आणि जिमखान्यांचे मॅनेजर जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी नाशिकला जमणार होते. बॅनर नाही, उद्घाटन नाही, एकमेकांच्या ओळखीनं ठरलेलं. मी मुंबईतल्या एका जिमखान्याचा मॅनेजर. या कामात बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपल्याच कामाच्या माणसांना भेटायला म्हणून केलेला हा माझा पहिला प्रवास, म्हणून लिहून ठेवतोय.

एकटा गेलो नाही. आमच्या बारचे कॅप्टन, ज्यांना मेंबरांपासून माळ्यापर्यंत सगळे भाऊच म्हणतात, ते बरोबर होते. भाऊ मूळचे सिन्नरकडचे. दहावीला गाडी अडली तेव्हा टेनिस कोर्टावर चेंडू उचलायला आले, मग मार्कर, म्हणजे मेंबरांबरोबर खेळणारे, झाले, गुडघा गेल्यावर बेअरर आणि आता कॅप्टन. मॅनेजरांच्या बैठकीला कॅप्टन कशाला, असा प्रश्न कमिटीत निघाला होता. आमच्या ऑनररी सेक्रेटरींनी दोघांचंही भाडं मंजूर केलं. त्यांचे आभार इथे मानतो.

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला पंचवटी पकडली. या गाडीतला मासिक पासधारकांचा डबा प्रसिद्ध आहे. रोज नाशिक-मुंबई करणाऱ्या नोकरदारांनी स्वतःसाठी नियम घालून घेतले, शांतता आणि स्वच्छता पाळली, आणि त्या डब्याची लिम्का बुकात नोंद झाली. आमचं आरक्षण दुसऱ्या डब्यात होतं, पण कल्याणनंतर शेजारी बसलेल्या गृहस्थांकडून मी त्या डब्याची बरीच माहिती काढून घेतली. कचरा कोण उचलतं, मोबाइलवर मोठ्यानं बोलणाऱ्याला कोण सांगतं, नवा माणूस आला तर त्याला नियम कसे कळतात. “नवा माणूस चार दिवस नुसता बघतो, पाचव्या दिवशी आपोआप तसा वागतो,” ते म्हणाले. बोलता बोलता कसारा आलं. थळ घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यामुळे वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. इगतपुरीला दार उघडलं आणि खरी थंडी आत आली.

सकाळी साडेसहाला दोघं गोल्फ क्लबवर फिरायला गेलो. नावात गोल्फ उरलंय, मैदानावर गोल्फ नाही. कडेनं चालणाऱ्यांची रांग, मध्ये क्रिकेटची पोरं. रणजीचे सामनेही इथे झाले आहेत. मैदानाचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे कान्हेरे तेव्हा अठराचेही नव्हते. १९ एप्रिल १९१०ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. मी ठाण्याचा. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून माझं रोज येणं-जाणं आहे, आणि हे मैदान आज पहिल्यांदा पाहत होतो. थोडा वेळ तिथल्या कठड्यावर बसून राहिलो. मग पापड आणि दह्याबरोबर मिसळ खाल्ली, झणझणीत, काळ्या मसाल्याची, आणि हॉलवर पोचलो.

तेवीस जण होते. निम्मे निवृत्त फौजी, काही हॉटेल लाइनचे, तीन बायका, आणि बाकी माझ्यासारखे कारकून म्हणून लागून वर आलेले. ओळख करून देताना प्रत्येकानं क्लबची मेंबरसंख्या सांगायची आणि सध्या डोक्याला कशाचा ताप आहे तेही सांगायचं, असं ठरलं. ओळखी अर्ध्या तासात संपतील असं वाटलं होतं, जेवणाची वेळ झाली तरी त्या चालूच होत्या. कारण एकच. हॉटेलच्या मॅनेजरला गावात दहा हॉटेलं असतात, बँकेच्या मॅनेजरला दहा बँका. क्लबच्या मॅनेजरला गावात आपल्या कामाचा दुसरा माणूस नसतो. अडलं तर विचारायचं कोणाला? कमिटी मालकही असते आणि गिऱ्हाईकही, आणि बहुतेक ठिकाणी दर वर्ष-दोन वर्षांनी बदलते. स्टाफपुढे साहेबानं गोंधळलेलं दिसायचं नाही. मग माणूस अंदाजानं चालवतो.

माझी पाळी आली तेव्हा मी आमच्या पूलची गोष्ट सांगितली. मे महिना, उन्हाळी कॅम्प, सकाळच्या बॅचला ऐंशी मुलं. दोन दिवस मुलांचे डोळे लाल होत होते आणि पाण्याला उग्र वास येत होता. मला वाटलं क्लोरीन जास्त झालंय, म्हणून मी डोस कमी करायला सांगितला. पूलवर काम करणारा पोरगा म्हणाला, “साहेब, हा वास वेगळा आहे.” मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पालक ऑफिसात आले आणि पूल बंद करावा लागला. वर्षभर सांभाळलेला विश्वास एका सकाळी गेला आणि चूक माझी होती.

सोलापूरकडच्या क्लबचे एक वयस्क मॅनेजर, ज्यांना सगळे काका म्हणत होते, त्यांनी तिथल्या तिथे उलगडा केला. तो झोंबणारा वास बहुतेक वेळा मोकळ्या क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीन जुळतं आणि क्लोरामाइन तयार होतात, वास आणि डोळ्यांची आग त्यांची. अशा वेळी क्लोरीन कमी केलं तर घाण वाढते. आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली, तो बघायचा, तो ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. वर गेला तर टाकलेलं क्लोरीन नीट काम करत नाही. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला अंघोळ सक्तीची. “आणि रीडिंग पूलवरच्या माणसानं घ्यायचं, त्यानंच लिहायचं, सही त्याचीच,” काका म्हणाले. “तो दिवसभर पाण्याशेजारी असतो, तुम्ही वर फाइलीत.” हे त्या मे महिन्यात मला एका फोनवर कळलं असतं. फोन करायला माणूस माहीत नव्हता.

जेवणानंतर कराचा विषय निघाला. तो टाळता येत नाही आणि एका दुपारी संपतही नाही. मेंबरांचा क्लब म्हणजे मेंबरच. स्वतःच स्वतःला चहा विकला तर विक्री कसली आणि कर कसला, या परस्परतेच्या तत्त्वावर आपले क्लब वर्षानुवर्षं चालले. कलकत्ता क्लबच्या खटल्यात ३ ऑक्टोबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं ते तत्त्व उचलून धरलं. पुढे २०२१च्या वित्त कायद्यानं जीएसटी कायद्यात नवं कलम घातलं आणि क्लब व मेंबर या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या, तेही १ जुलै २०१७पासून मागे जाऊन. २०२५मध्ये केरळ उच्च न्यायालयानं ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. एका सीए ताईंनी हे सगळं फळ्यावर रेघा मारून समजावलं आणि शेवटी मुदत ठेवींकडे वळल्या. बंगलोर क्लबच्या २०१३च्या निकालानुसार क्लबनं बँकेत ठेवलेल्या ठेवींचं व्याज परस्परतेत बसत नाही, त्यावर आयकर लागतो. “तुमच्या किती ट्रेझररांना हे माहीत आहे?” त्यांनी विचारलं. वर झालेले हात मोजायला वेळ लागला नाही.

चहाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात जे बोलणं होतं ते मला जास्त मोलाचं वाटतं. निवडणुकीनंतर धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे कमिटी बदलल्याची नोंद, द्यायचा राहिला, की पुढच्या कमिटीच्या सह्यांना बँक कशी हरकत घेते. एफएल-फोर हे दारूचं लायसन्स क्लबचं असतं, तिथे मेंबर नसलेल्याच्या नावानं चिट फाडली गेली तर इन्स्पेक्टरपुढे उभं कोणी राहायचं. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे फोस्टॅक, म्हणजे अन्नसुरक्षेचं, प्रशिक्षण घेतलेला एक माणूस हवा, आणि तो माणूस सर्टिफिकेट घेऊन महिन्याभरात दुसऱ्या हॉटेलात निघून जातो. हे पुस्तकात सापडत नाही. कोणाच्या तरी अंगावरून गेलेलं असतं, तो सांगतो तेव्हा कळतं.

पुण्याहून आलेल्या एका मॅडमनी अमेरिकेतल्या क्लब मॅनेजरांच्या संघटनेची माहिती दिली. क्लब मॅनेजमेंट असोसिएशन ऑफ अमेरिका १९२७ची आहे. त्यांची सर्टिफाइड क्लब मॅनेजर ही पदवी फक्त परीक्षेवर मिळत नाही. आधी शिक्षणाचे क्रेडिट जमवायचे, संघटनेच्या कामात भाग घ्यायचा, मग परीक्षा. पदवी मिळाल्यावरही शिकत राहावं लागतं, नाहीतर ती टिकत नाही. संघटनेच्या नावात आधी ‘मॅनेजर्स’ होतं, नंतर ‘मॅनेजमेंट’ झालं. मला हा बदल फार आवडला. मॅनेजर म्हणजे एक खुर्ची, मॅनेजमेंटमध्ये आमचे भाऊही आले. आपल्याकडे कलकत्त्याचा बेंगाल क्लब १८२७चा, डेक्कन जिमखाना १९०६चा. क्लब शंभर-दोनशे वर्षं जुने, आणि ते चालवणाऱ्या माणसाला शिकायची सोय म्हणाल, तर आधीच्या मॅनेजरनं जाता जाता कानात सांगितलं तेवढंच. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक फौजी गृहस्थ मात्र ठाम होते, की स्टाफला बाहेर पाठवलं तर ते शिकून दुसरीकडे जातील. यावर बराच वाद झाला. भाऊ तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, जाणारा न शिकता पण जातोच. मला कोणी पेग मेजर कसा धरायचा हे पण शिकवलं नव्हतं, चार वर्षं मी बघून बघून शिकलो. त्या चार वर्षांत किती सांडली असेल ते क्लबनं भरलं.” हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. मग काकांनी आधी टाळी वाजवली.

संध्याकाळी ठरलं ते थोडक्यात असं: आपली एक संघटना काढायची आणि १८६०च्या सोसायटी कायद्याखाली तिची नोंदणी करायची. त्याला किमान सात जण लागतात, सह्या सतरा झाल्या. वर्षातून चार वेळा भेटायचं, दर वेळी वेगळ्या गावी आणि दर वेळी प्रत्येक क्लबनं मॅनेजरबरोबर स्टाफमधला एक माणूस आणायचा. आणि स्टाफची अदलाबदल: आठ दिवस इकडचा माणूस तिकडे, तिकडचा इकडे. पगार आपापल्या क्लबनं द्यायचा, राहणं-जेवण यजमानाकडे.

त्यानंतर आमच्यातले सहा जण टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. नाशिककर त्याला प्रेमानं सावाना म्हणतात. स्थापना १८४०ची. सभासदांची संस्था, सभासदच निवडणूक लढवतात आणि कारभार बघतात, वाद होतात, हिशेब मागितले जातात. आपल्या क्लबांपेक्षा वेगळं काय? वर्गणी, ओळखपत्र, वार्षिक सभा, नोटीस बोर्ड, सगळं तेच, पत्त्यांच्या जागी पुस्तकं. काउंटरवर एका आजोबांना हवं असलेलं पुस्तक सापडत नव्हतं. तिथल्या कर्मचाऱ्यानं यादी न बघता सांगितलं, की ते बाहेर गेलंय, पण त्याच लेखकाचं दुसरं तुम्ही अजून वाचलेलं नाही. हा माणूस पुस्तकंही ओळखत होता आणि वाचणाऱ्यालाही. मी बराच वेळ तिथेच उभा राहून त्याचं काम पाहिलं.

रविवारी सकाळी भाऊ जरा संकोचून म्हणाले, “साहेब, वेळ असेल तर गंगापूर धरणाच्या रस्त्याला जाऊन येऊ का? मुक्त विद्यापीठ बघायचं आहे.” यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे भाऊ पदवीधर आहेत, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पंधरा वर्षं एका ऑफिसात काढून माहीत नव्हतं. विद्यापीठ १९८९मध्ये सुरू झालं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी तेव्हा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम असे, तो केला की पदवीला बसता यायचं. भाऊंनी मुंबईतल्या अभ्यासकेंद्रावर, रात्रीची ड्यूटी करून, बीए केलं होतं. मार्कशीटवर नाशिक छापलेलं, पण विद्यापीठ कधी पाहिलं नव्हतं. रविवार असल्यानं आत जाता आलं नाही. फाटकाशी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, मग रस्त्यापलीकडे जाऊन पूर्ण पाटी येईल असा आणखी एक. परतताना रिक्षात मी विचारलं, की क्लबात कधी सांगितलं का नाहीत. “विचारलं नाही कोणी,” ते म्हणाले.

घरच्यांसाठी द्राक्षं घेतली, थॉमसन, अजून थोडी आंबट होती. दुपारी नाशिकरोडला गाडीत बसलो. जूनमध्ये पावसानं आमची कोर्टं बंद असतात तेव्हा भाऊ आठ दिवस सोलापूरला काकांकडे जाणार आहेत, आणि काकांच्या मुदपाकखान्यातला एक मुलगा आमच्याकडे येणार आहे. भाऊंनी घाट उतरेपर्यंत वहीत काहीतरी लिहिलं आणि मग मला वाचायला दिलं. बारच्या नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात काय काय शिकवायचं त्याची यादी होती, दोन पानांची.

सोमवारी नोटीस बोर्डावर, डिफॉल्टर लिस्टच्या शेजारी, पूलच्या पाण्याच्या नोंदीचा तक्ता लावला. पहिली ओळ सकाळी सातची आहे: पीएच ७.४, क्लोरीन २. सही पूलवरच्या त्या पोराची.